तांबडा ठिपका

दिवाळी आली की ते चित्र येतेच. काळ्या पाटीवर कुणी रांगोळीचे रंग सांडावेत तसा भारताचा नकाशा, त्यात पांढरे, निळे, हिरवे, तांबडे ठिपके, आणि खाली ओळ : ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश’. फराळाची ताटे घरोघर फिरावीत तसे ते फोनवरून फिरते. आमच्या सासूबाईंना ते दर वर्षी नव्याने दाखवावे लागते. चष्मा पुसून त्या विचारतात, “यात पापडी कुठे गो?” आणि मी दर वर्षी मुंबईच्या वरच्या अंगाला कुठेतरी बोट ठेवते.

खरी गोष्ट अशी की त्या चित्राचा दिवाळीशी काहीही संबंध नाही. ते २००३ साली अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने, कित्येक वर्षांच्या रात्रींची चित्रे एकावर एक ठेवून तयार केले. जी गावे १९९२ पूर्वीपासूनच उजळलेली होती ती पांढरी. ज्यांचा उजेड १९९२, १९९८ आणि २००३ साली नव्याने दिसला ती अनुक्रमे निळी, हिरवी आणि तांबडी. म्हणजे तो वस्ती आणि वीज कशी पसरत गेली याचा हिशेब होता. लोकांनी त्याची आरास केली. २०१२ च्या दिवाळीत ‘नासा’ने १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे चित्र प्रसिद्ध केले आणि सांगितले की दिवाळीमुळे उजेडात पडणारी भर इतकी थोडी असते की ती अवकाशातून जाणवतच नाही. एवढ्या पणत्या, एवढे कंदील, एवढ्या फुलबाज्या, आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नाही! मला हे वाचून वाईट वाटले, ते कबूल करते. सासूबाईंना मात्र मी ते सांगितलेले नाही.

पण ज्या यंत्राने ते खरे चित्र टिपले, त्याच यंत्राला आमच्या तुंगारेश्वराच्या डोंगरावरचे जळते गवत दिसू शकते. पणत्या दिसत नाहीत, वणवा दिसतो. ही गोष्ट मला गेल्या फाल्गुनात कळली, आणि तिच्यापायी माझ्या हातून एक अन्याय झाला. तो सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

होळीला चारेक दिवस असतील. पहाटे सासूबाई खोकत उठल्या. त्यांना दमा आहे. खिडकी उघडली तर अंगणात धूर साचलेला. केळींच्या बागेवर तो असा पसरला होता की जणू कुणी मळकट धोतर वाळत घातले आहे. “कुणीतरी रान पेटवलंय गो,” त्या म्हणाल्या आणि पुढचे बोलणे खोकल्यात गेले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत मी तासभर बसले होते. दमेकऱ्याच्या उशाशी ज्यांनी पहाट काढली आहे त्यांना त्या तासाची लांबी सांगायला नको.

शेजारचा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याने फोनवर नासाचा आगींचा नकाशा उघडून दिला. वसईची किनारपट्टी, रेल्वेचा रूळ, महामार्ग, त्यापलीकडे डोंगर, आणि डोंगरावर तीन तांबडे ठिपके. रात्री दीडच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरून गेला तेव्हा ते टिपलेले होते. “काकू, हाच तो धूर,” तो म्हणाला.

शास्त्रातले माझे ज्ञान पाठ्यपुस्तकापुरते आहे. पण त्या मुलाने समजावले ते समजले तसे सांगते. तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश बाहेर टाकीत असते. इस्त्रीजवळ हात नेला की ती लाल नसली तरी धग लागते, तसेच. उपग्रहावरचे यंत्र ती धग पाहते. म्हणून आग त्याला रात्रीही दिसते. धुराचे तसे नाही. धूर पाहायला ऊन लागते. दिवसाच्या चित्रात तो निळसर, पातळ, एका अंगाने ओढल्यासारखा दिसतो, आणि ढगापासून त्याला ओळखायला सरावलेला डोळा हवा. १९७८ साली सोडलेल्या ‘निम्बस-७’ या उपग्रहावर ओझोन मोजण्यासाठी एक यंत्र बसवले होते. त्याच्या आकड्यांत पुढे ध्यानीमनी नसताना धूर आणि धूळ सापडली. तेव्हापासून धुराचा माग काढणे हे एक शास्त्रच होऊन बसले आहे. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि भर दिवसा आभाळ नारिंगी झाले. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याचा फोन आला, “मावशी, इथे होळीचा वास येतोय.” महिनाअखेर तोच धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनवर गेला. त्याच्या वाटेची दिवसादिवसाची चित्रे आहेत. एखाद्या वाटसरूच्या पाऊलखुणा वाळूत दिसाव्यात तशी.

आपल्या पूर्वजांच्या तर्कशास्त्रातले सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण याच विषयावरचे असावे याची मला गंमत वाटते. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे आपण स्वयंपाकघरात पाहिले आहे. म्हणून त्या डोंगरावर अग्नी आहे. चुकीच्या अनुमानाचे उदाहरणही त्यांनी देऊन ठेवले आहे : पाण्यावरच्या वाफेलाच धूर समजणे. पापडीच्या तलावावर मार्गशीर्षाच्या सकाळी जे धुके चढते ते पाहून नवा माणूस आजही फसेल. उपग्रहाची चित्रे वाचणारेही ढगाला आणि धुळीला फसतात, असे तो मुलगा म्हणाला. पण नैयायिक अग्नीपाशी थांबले. तो कुणी पेटवला, हे त्या उदाहरणात कुणीही विचारीत नाही. आम्ही मात्र तिथे थांबू शकत नाही. त्यातून मी कादंबऱ्या लिहिणारी बाई. घटना दिसली की तिचा कर्ता शोधायची मला सवयच जडलेली.

त्या दिवशी दुपारच्या शाळेत सातवीला भूगोलाचा तास होता, आणि धडा नेमका वाऱ्यांचा. मी हुरळूनच गेले. फळ्यावर किनारा काढला, रूळ काढला, डोंगर काढले आणि तांबड्या खडूने तीन ठिपके दिले. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. त्यांनी डोंगरावरचा धूर आपल्या अंगणात आणला. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. हे खारे वारे. आता बघा, म्हणून मी खिडकीशी रुमाल धरला. तो आत, पूर्वेकडे उडाला. सकाळचा धूर आता आपल्याकडून निघून भिवंडीच्या दिशेला चालला असेल. मुले इतकी गप्प बसली होती की मला वाटले, आजचा तास वर्षभर लक्षात राहील.

तो राहिला, पण निराळ्या कारणाने. मी विचारले, “मग यावरून काय समजले?” पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, आदिवासींनी जंगलाला आग लावली, म्हणून आपल्याकडे धूर आला.” आणि मी म्हणाले, “शाबास.”

त्या वर्गात एक मुलगा तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यावरून येतो. दोन वाहने बदलून येतो. तो तेव्हा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याआधी मी त्याला पेंगताना पाहिले होते आणि एकदा उभेही केले होते. आता त्याची मान खाली गेलेली पाहून मी काय समजले असेन ते वाचकांनी ओळखावे. शरमला, असे मी समजले. इतकेच नव्हे, मनातल्या मनात मी त्याला क्षमाही करून टाकली. बिचारा, त्याचा काय दोष, बाप-आजा करतात ते! त्या क्षमेची मला आता अधिक लाज वाटते.

शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. वही पुढे करायच्या निमित्ताने आला असावा. म्हणाला, “बाई, तो राब नाय. राब आमी वैशाखात भाजतो. तो डोंगर पेटला व्हता.”

“कुणी पेटवला?”

“ते नाय माहीत. वरच्या वाटेकडून आली आग. आमी रातभर विझवीत व्हतो.”

मग माझे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. उजव्या हातावरची लव जळलेली होती. नखांत काळे होते. ओल्या फांद्यांनी झोडून आग विझवतात हे मी वाचलेले होते. रात्री बापाबरोबर, काकाबरोबर ते काम करून दुपारी वर्गात येऊन बसलेले पोर मी पेंगते म्हणून उभे केले होते.

“मग वर्गात का नाही सांगितलेस?” असे मी त्याला विचारले. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. खरेच, मी वर्गाला विचारले होते ते “काय समजले”; “कुणाला काही ठाऊक आहे का” असे विचारलेच नव्हते.

त्या रात्री व्याकरणाच्या वह्या तपासायच्या होत्या. त्यात क्रियापदांचा प्रश्न होता, आणि माझे डोके त्यातच अडकून राहिले. मराठीत आग ‘लागते’ आणि आग ‘लावतात’. मध्ये एका अक्षराचा फरक आहे. ‘लागली’ला करणारा लागत नाही, ‘लावली’ म्हटले की माणूस आलाच, मग तो वाक्यात दिसो वा न दिसो. फळ्यावरचे तीन ठिपके फक्त एवढेच सांगत होते, की इथे आग आहे. ‘लावली’ हे क्रियापद वर्गाने आपल्या पदरचे घातले, आणि कर्ता तर कोट्यातून काढावा तसा तयारच होता.

आणि तो ठिपका तरी केवढा? त्या यंत्राचा एकेक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटर लांबीरुंदीचा चौकोन. मी गणित करून पाहिले. सुमारे पस्तीस एकर होतात. त्या पस्तीस एकरांत कुठेतरी पुरेशी धग आहे, इतकेच खात्रीने म्हणता येते. पस्तीस एकरांत पायवाट असते, देवळाला जाणाऱ्यांनी टाकलेली विडी असते, कुणी मुद्दाम पेटवलेले गवत असते, राबाची उडालेली ठिणगीही असू शकते. मी काही कुणाला निर्दोष ठरवायला बसलेली नाही.

राबाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती हाताशी असल्यामुळेच आम्हा सगळ्यांना उत्तर इतके चटकन सुचले. भाताच्या रोपासाठी जमिनीचा एक तुकडा निवडायचा, त्यावर शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने आग द्यायची, म्हणजे ती सावकाश, धुमसत जाते. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राख मिळते, आणि आषाढात रोप सहज उपटते. या राबावरून भांडण आजचे नाही. त्यासाठी फांद्या तोडाव्या लागतात म्हणून जंगलखात्याचा राग, आणि त्याशिवाय भात कसा पिकवायचा म्हणून शेतकऱ्यांची ओरड. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने १८८५ साली एक आयोग नेमला. १८८७ साली त्याचा अहवाल झाला आणि त्यात राबाचा खल आहे. म्हणजे या डोंगरांवरच्या धुराकडे वरून पाहून मत बनवण्याची परंपरा उपग्रहापेक्षा शंभर-सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. तेव्हा वरून पाहणारे साहेब घोड्यावर बसत.

‘वरून पाहणे’ याला आपल्याकडे केवढा मान आहे! देव वरून पाहतो, म्हणून पाप लपत नाही, असे आपण पोरांना सांगतो. पण देवाचा डोळा मिटत नाही, असेही त्यात गृहीत असते. हे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात आणि ठरल्या वेळी येतात. आगीचा मुख्य हिशेब ज्यांच्यावर चालतो त्यांची एक वेळ दुपारी दीडची आणि एक रात्री दीडची. एकाच जागी टांगल्यासारखे राहणारे उपग्रहही आहेत. आपला २०१३ सालचा ‘इन्सॅट-३डी’ त्यांतलाच, दर अर्ध्या तासाला चित्र देणारा. पण ते छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असल्यामुळे त्यांची नजर भरड. पंजाब-हरयाणात भाताचे खुंट जाळण्याचे जे प्रकरण आहे, त्यात २०२४ साली एक विलक्षण गोष्ट उजेडात आली. ठिपके तर खूप कमी झाले, पण धूर त्या मानाने हटेना. दक्षिण कोरियाच्या अशा एका स्थिर उपग्रहाची चित्रे तपासली तेव्हा दिसले, की जाळणे दुपारी उशिरा, दीडची फेरी होऊन गेल्यावर चालते. मी हे वाचले आणि मला हसू आले. आमच्या शाळेत तपासणीचे साहेब येणार असले की आदल्या दिवशी फळे पुसले जातात, तक्ते टांगले जातात, आणि साहेबांची गाडी वळली की सारे पूर्ववत. पाहणाऱ्याची वेळ कळली की पाहणे संपते. त्यात एकट्या शेतकऱ्यालाच शहाणपणा शिकवायचा अधिकार निदान आम्हा मास्तर मंडळींना नाही.

हे लिहिताना आतल्या खोलीतून खोकला ऐकू येतो आहे, म्हणून दुसरी बाजूही मला सोडता येत नाही. ज्याच्या छातीत धूर जातो त्याने तो कुठून आला हे विचारू नये काय? अवश्य विचारावे. कॅनडात ट्रेल नावाच्या गावी धातू गाळण्याचा कारखाना होता; त्याचा विषारी धूर नदीच्या खोऱ्यातून सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या शेतांवर जाई. दोन्ही देशांनी नेमलेल्या पंचांनी १९४१ साली अखेरचा निवाडा दिला की आपल्या धुराने शेजारच्या मुलखाची गंभीर हानी करण्याचा अधिकार कुठल्याही देशाला नाही. धुराच्या बाबतीत शेजारधर्माला कायद्याचे रूप तिथे आले. पण तिथे धुराडे होते, धुराड्याला मालक होता, आणि पंचांनी कित्येक वर्षे वारे, पिके आणि वायू यांची मोजदाद केल्यावर बोट उचलले. मी एका तासात उचलले. २०२३ साली त्याच सरहद्दीवरून पुन्हा धूर गेला. पण या खेपेला क्यूबेकमधल्या पुष्कळशा आगी विजेने लागलेल्या होत्या. माझा भाचा तेव्हा चिडून म्हणाला होता, “कुणावर ओरडायचं तेच कळत नाही.” ओरडायला माणूस सापडत नाही याचाही माणसाला त्रास होतो. तुंगारेश्वराच्या बाबतीत मला तो त्रास झाला नाही; माझ्यासाठी माणूस शेवटच्या बाकावर बसलेला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी मी नकाशा पुन्हा उघडला. डोंगर स्वच्छ होता. तिन्ही ठिपके गेलेले. आणि मला जाणवले की आग ‘लागली’ आणि ‘लावली’ यापुढे क्रियापदांची आणखी एक जोडी आहे, तिचा मी विचारच केला नव्हता : आग ‘विझली’ आणि आग ‘विझवली’. आग लागल्याचा ठिपका उमटतो. विझवल्याचा उमटत नाही. ती जागा नुसती कोरी होते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने पाहिलेल्या आगींची सूचना वनखात्याला देते. सूचना येते, मग डोंगर चढून माणसेच जातात. वनरक्षक जातात, जाळरेषा काढणारे मजूर जातात, पाड्यावरची माणसे जातात. त्यांच्या हातची कामगिरी चित्रात कशी दिसणार? न जळलेले रान हे दुसऱ्या कुठल्याही रानासारखेच दिसते. त्या एका रात्री पेटवणारा हात कुणाचा होता हे मला आजवर कळलेले नाही. विझवणारा हात मात्र मी पाहिला होता, टेबलावर, वहीच्या शेजारी.

दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर तोच नकाशा पुन्हा काढला. वर्गापुढे सांगितले, की त्या दिवशी मी ‘शाबास’ म्हणाले ते चुकले. पहिल्या बाकावरच्या मुलाचे तोंड उतरले. चूक त्याच्यापेक्षा माझी जास्त होती, हेही मी सांगितले, पण सातवीच्या पोराला ते कितपत पटणार! मग मी पाड्यावरच्या मुलाला पुढे बोलावून त्याच्या हाती खडू दिला. मला वाटले, तो बुजेल. त्याने तांबडा खडू ठेवून पांढरा घेतला. आग कुठून आली, ओढा कुठे आहे, कुठल्या कातळापाशी ती अडवली, वारा फिरला तेव्हा कोण कुठे पळाले, हे तो काढत गेला. माझ्या नकाशात ओढा नव्हताच. माझे डोंगर तर त्याने पुसून नव्याने काढले.

“वारा केव्हा फिरला?” मी विचारले.

“कोंबडा आरवला तवा. मग धूर तुमच्याकडं खाली गेला,” तो म्हणाला. आणि थोडा थांबून, “दुपारी तुमचा आमच्याकडं येतो.”

“आमचा कसला?”

“पाल्याचा. सांजच्याला जाळतात ना वाडीत, तो.”

मुले हसली. मीही हसले असेन. आमच्या अंगणात केळीची वाळलेली पाने आणि आंब्याचा पाचोळा रोज तिन्हीसांजेला एका कोपऱ्यात जाळतात. डास जातात म्हणून सासूबाई त्यात कडुलिंबाचा पाला टाकतात, आणि स्वतःच दार लावून घेतात. ढीग सुपाएवढा, त्याचा ठिपका कुठल्याही नकाशावर उमटायचा नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा ढीग पेटलेला होता. समुद्राकडून वारा छान सुटला होता. धूर भिंतीवरून, शेजारच्या वाडीवरून, रुळाच्या दिशेने सरळ पूर्वेला चालला होता. मी पायरीवर दप्तर ठेवले, विहिरीवरून कळशी आणली आणि ढिगावर ओतली. सासूबाई आतून ओरडल्या, “काय गो, विझली का?”

“विझवली,” मी म्हणाले.